गाळा भाड्याने देताना, गाळा भाड्याने घेताना: करारापासून किल्ल्या परत देईपर्यंत

गाळ्याच्या भाड्यावरून झालेलं भांडण घेऊन लोक वकिलाकडे येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक कागद हमखास असतो. कमी किमतीच्या मुद्रांकावर टाईप केलेला, अकरा महिन्यांचा, खाली नोटरीचा गोल शिक्का. मालकाला वाटतं या कागदाने आपली जागा सुरक्षित आहे, आणि दुकानदाराला वाटतं आपलं डिपॉझिट सुरक्षित आहे. महाराष्ट्रात हे दोन्ही समज चुकीचे आहेत. त्याची किंमत मालक आणि दुकानदार दोघंही मोजतात, म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

अकरा महिन्यांची प्रथा आली कुठून? नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. मग मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणी टळते, असा हिशेब देशभर रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र ही वाट बंद आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं, की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्सचा करार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी सुटका नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात आहे. करार नोंदवलेला नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मालक म्हणतो डिपॉझिट दोन लाख होतं, भाडेकरू म्हणतो चार लाख. मालक म्हणतो मुदत वर्षाची, भाडेकरू म्हणतो पाच वर्षांची. नोंदवलेला कागद नसेल तर अशा वादात मालक सुरुवातीलाच मागे पडतो.

आधी ठरवा: भाडेपट्टा की लिव्ह अँड लायसन्स

बोलताना आपण दोन्हीला ‘भाड्याने दिलं’ असंच म्हणतो, पण कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेपट्ट्यात, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०५ नुसार, जागा उपभोगण्याचा हक्कच ठरावीक काळासाठी भाडेकरूकडे जातो. लिव्ह अँड लायसन्समध्ये फक्त जागा वापरण्याची परवानगी असते, जागेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे.

मालक लायसन्सचाच आग्रह का धरतात, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पुढे एक दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते सगळे संरक्षित भाडेकरू झाले. परवानगीवर दिलेली जागा मालकाच्या हातून पिढ्यान्‌पिढ्यांसाठी गेली. ती धास्ती अजून गेलेली नाही आणि ती अनाठायीही नाही. पण नुसतं ‘लायसन्स’ असं नाव दिल्याने काम भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलं आहे, की कागदाच्या मथळ्यापेक्षा दोन्ही बाजूंचा खरा हेतू काय होता ते पाहायचं. त्यामुळे करारात ‘लायसन्सी’ लिहायचं आणि पावतीवर, नोटिशीत, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ‘भाडेकरू’ म्हणत राहायचं, असं करू नका.

आता दुकानदारासाठी एक गोष्ट, जी त्याला सहसा कोणी सांगत नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली, तर नवा मालक जुन्या लायसन्सला बांधील नसतो. तुम्ही तीन वर्षांचा करार केलात, फर्निचर, एसी, बोर्ड यांवर पैसे घातले आणि आठव्या महिन्यात गाळा विकला गेला, तर नव्या मालकापुढे तुमचा करार दाखवून फार काही साधत नाही. तुमची मागणी जुन्या मालकाकडे, नुकसानभरपाईची. भाडेपट्ट्यात असं होत नाही, तो जागेबरोबर जातो. म्हणून गुंतवणूक मोठी असेल तर जास्त मुद्रांक शुल्क भरूनही नोंदणीकृत भाडेपट्टा मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मालक तयार नसेल, तर निदान दोन वाक्यं करारात घाला. मुदतीच्या आत गाळा विकल्यास खरेदीदाराकडून हा करार पाळण्याचं लेखी मान्य करून घेण्याची जबाबदारी मालकाची राहील. आणि तसं न झाल्यास डिपॉझिटसह ठरलेली भरपाई मालक देईल.

टोकन देण्याआधी बघायची कागदपत्रं

समोरचा माणूस मालक आहे का, हा पहिला प्रश्न. खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा, बोलीभाषेतला इंडेक्स टू, मालमत्ता कराची ताजी पावती आणि वीजबिल या तिन्हींवरची नावं जुळवून पाहा. सोसायटीतला गाळा असेल तर भागदाखलाही (शेअर सर्टिफिकेट) बघा. नावं जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते विचारा. वडिलांच्या नावावरचा गाळा एकच भाऊ भाड्याने देतो आणि सहा महिन्यांनी दुसरा भाऊ कुलूप घेऊन उभा राहतो, हे फार वेळा घडतं. सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या. कोणी परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा आणि त्यात जागा भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का ते वाचा. गाळ्यावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती मागण्यात संकोच नको.

दुसरा प्रश्न जागेच्या वापराचा. मंजूर नकाशात आणि भोगवटा प्रमाणपत्रात ती जागा ‘दुकान’ आहे की ‘निवासी’ की ‘पार्किंग’? तळमजल्यावरच्या फ्लॅटला शटर बसवून केलेलं दुकान रस्त्यावरून अगदी दुकानासारखं दिसतं, पण महापालिकेची नोटीस आली की धंदा दुकानदाराचाच बंद होतो. वीजजोडणीही पाहा. घरगुती मीटरवर दुकान चालवणं विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. भट्टी, फ्रीझर किंवा यंत्रं लावणार असाल तर मंजूर भार किती आहे तेही आधीच विचारून घ्या.

करारातल्या अटी

तयार मसुद्यात नावं आणि आकडे बदलून करार उरकला जातो. आकडे बहुतेक बरोबर असतात. वाद होतो तो न लिहिलेल्या गोष्टींवर.

डिपॉझिटचंच घ्या. रक्कम लिहिलेली असते, पण ती परत कधी आणि कशी, हे नसतं. मालक म्हणतो आधी किल्ल्या द्या, मग हिशेब करू. दुकानदार म्हणतो आधी पैसे. करारात लिहा, की ताबा देणं आणि डिपॉझिट परत करणं एकाच वेळी, एकाच बैठकीत होईल. वीजबिल, पाणीपट्टी अशी शेवटची बिलं अजून आली नसतील तर त्यासाठी किती रक्कम किती दिवस राखून ठेवायची, तेही लिहा. परत द्यायला उशीर झाला तर महिन्याला किती व्याज, हा आकडा घाला. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि धनादेश किंवा व्यवहार क्रमांक करारात नोंदवा. काही रक्कम रोख देऊन करारात कमी दाखवणं म्हणजे त्या रोख रकमेवर पाणी सोडण्यासारखं आहे. नोंदवलेल्या कराराच्या विरुद्ध तोंडी पुरावा देणं फार अवघड असतं.

लॉक-इन म्हणजे ठरावीक काळ कोणीही करार मोडायचा नाही. ही अट बऱ्याचदा फक्त दुकानदाराला बांधणारी असते, आणि मालक मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. सही करण्याआधी हे वाक्य दोनदा वाचा. बांधायचं तर दोघांना बांधा. लॉक-इन मोडल्यास उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल असं लिहिलेलं असलं, तरी भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईच देतं. करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्यामुळे डोळे फिरवणारा आकडा लिहिण्यापेक्षा दोन किंवा तीन महिन्यांचं भाडं अशी पटणारी रक्कम लिहिली, तर ती टिकण्याची शक्यता जास्त.

बांधकामाचा मुद्दा मालकांनी नीट समजून घ्यावा. सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ६० सांगतं, की लायसन्सच्या भरवशावर एखाद्याने कायमस्वरूपी काम केलं आणि त्यावर खर्च केला, तर ते लायसन्स मालकाला सहज रद्द करता येत नाही. पोटमाळा, पक्की भिंत, मोरी, फरशीखालची पाइपलाइन या गोष्टी तोंडी ‘करा की’ म्हणून होऊ देऊ नका. लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी काम करायचं नाही आणि परवानगीने केलं तरी त्यातून जागेत हक्क निर्माण होणार नाही, असं लिहून घ्या. दुकानदारानेही आपण आणलेल्या वस्तूंची यादी जोडावी: एसी, रॅक, काउंटर, इन्व्हर्टर, बोर्ड. जाताना काय काढून न्यायचं आणि काय ठेवायचं, ते त्याच यादीत ठरवा. ताबा घेतानाचे फोटो आणि मीटरचं वाचन दोघांनी एकमेकांना त्याच दिवशी पाठवून ठेवलं, तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

मालमत्ता कर साधारणपणे मालकाकडे आणि वीज-पाणी दुकानदाराकडे असतं. जागा भाड्याने गेल्यामुळे कर वाढला तर ती वाढ कोण भरणार, हे मात्र लिहायला लोक विसरतात. छत गळणं, भिंतीला तडा, मुख्य वायरिंग हे मालकाचं. बल्ब, नळ, शटरचं ग्रीस हे दुकानदाराचं. दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत न लिहिता प्रत्येक वर्षाचं भाडं रुपयांत लिहा. नोंदणीच्या वेळी मुद्रांक शुल्काचा हिशेबही त्यामुळे सोपा जातो.

मुद्रांक आणि नोंदणी

मुद्रांक शुल्क फार लागेल या भीतीने लोक नोटरीकडे जातात, पण साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर ते फक्त ०.२५ टक्के आहे. ते मोजतात असं: पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं महिना २५,००० रुपये, मुदत ३६ महिने, डिपॉझिट २ लाख. भाड्याचे ९ लाख, तीन वर्षांचं व्याज ६०,००० रुपये, एकूण ९,६०,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २,४०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. तीन वर्षांच्या मनःशांतीसाठी हा खर्च कुणी टाळावा असं मला वाटत नाही. मात्र मुदत नूतनीकरणासह साठ महिन्यांच्या वर गेली, तर शुल्क भाडेपट्ट्याच्या दराने लागतं.

शुल्क ऑनलाइन चालानने भरता येतं. त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमधून आधारच्या ठशावर नोंदणी होते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद नोंदणीला गेला पाहिजे. एजंटने मसुदा भरला असेल तर अंगठा लावण्याआधी पडद्यावरचा मजकूर स्वतः वाचा. गाळ्याचा क्रमांक, क्षेत्रफळ, मुदतीच्या तारखा आणि डिपॉझिट या चार ठिकाणी चुका होतात, आणि नंतर त्यासाठी दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. नोंदणी झाल्यावर पूर्ण दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ दोघांनीही जवळ ठेवा.

ताबा घेतल्यानंतरच्या महिन्यात

सोसायटीला कराराची प्रत द्या. सदस्याने जागा भाड्याने दिल्यावर सोसायटी जो ना-वापर आकार घेते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने ही मर्यादा ठरली आहे. सोसायटी त्याहून जास्त मागत असेल तर त्या आदेशाचा दाखला देऊन लेखी हरकत घ्या. भाड्याने घेणाऱ्याची माहिती मालकाने पोलीस ठाण्यात द्यावी, ती ऑनलाइनही देता येते.

दुकानदाराला शॉप अ‍ॅक्टखालची सूचना किंवा नोंदणी, जीएसटी आणि व्यवसायानुसार अन्न परवान्यासारखे परवाने लागतात. या सगळ्यांना जागेचा पुरावा आणि बहुतेक वेळा मालकाचं संमतीपत्र लागतं. ते देण्याची अट करारातच घाला, नाहीतर भाडं सुरू होतं आणि परवाना अडकतो. दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी नाव हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही हे लागू आहे.

आता कराचं. भाडं महिना ५०,००० रुपयांच्या वर गेलं की दुकानदाराला टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच मालकाच्या वतीने कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो. कंपनी, भागीदारी संस्था किंवा ज्यांच्या खात्यांचं लेखापरीक्षण सक्तीचं आहे अशा व्यक्ती १० टक्के, इतर व्यक्ती २ टक्के. व्यापारी जागेच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे, पण मालकाची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी करावी लागत नाही. इथे एक बदल झाला आहे, जो अनेक दुकानदारांना नोटीस आल्यावर कळतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणी नसलेला आणि दुकानदार जीएसटी नोंदणी असलेला असेल, तर भाड्यावरचा जीएसटी दुकानदाराने स्वतः भरायचा आहे. नियमानुसार त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदारांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं आहे. म्हणून करारात ‘भाडं २५,०००’ एवढंच लिहू नका. जीएसटीसह की जीएसटी वेगळा, हे शब्दांत लिहा.

मुदत संपली आणि गाळा सुटत नाही

घर लायसन्सवर दिलं असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. ही सोय फक्त निवासी जागेसाठी आहे. गाळ्याला ती लागू नाही. गाळ्यासाठी मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतर ठिकाणी तिथल्या लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच मुदतीनंतर थांबल्यास रोजची भरपाई किती, हा आकडा करारात असणं गाळ्याच्या बाबतीत घरापेक्षा जास्त गरजेचं आहे.

मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी लेखी विचारा: पुढे करायचं का? करायचं असेल तर नवा करार, नवं मुद्रांक, नवी नोंदणी. ‘चालू द्या तसंच’ यात धोका मालकाला आहे. मुदतीनंतर भाडं घेत राहिलं, तर भाडेपट्ट्याच्या बाबतीत कायदा तो महिन्यागणिक चालू राहिला असं मानतो, आणि लायसन्सच्या बाबतीतही समोरच्याला नवा हक्क सांगायला आधार मिळतो. पैसे घ्यावेच लागले तर ‘वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून’ असं लिहून पावती द्या.

रागाच्या भरात कुलूप बदलू नका, माल बाहेर काढू नका. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, तर समोरचा विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकीचा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हाही गुन्हा आहे. ज्याची बाजू खरी होती तो मालक एका रात्रीच्या कुलपामुळे आरोपी झाला, की मूळ थकबाकीचा विषय कित्येक महिने मागे पडतो. नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या, दावा लावा आणि दाव्यासोबतच दरमहा रक्कम न्यायालयात भरण्याचा आदेश मागा.

शांतपणे जागा सुटत असेल तर किल्ल्या देण्याच्या दिवशी एका पानाची ताबापावती करा. तारीख, मीटरचं वाचन, यादीतल्या कोणत्या वस्तू नेल्या, डिपॉझिट परत केल्याचा व्यवहार क्रमांक आणि दोघांच्या सह्या. मालकाने त्याच वेळी जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट आणि इतर परवान्यांवरून आपल्या गाळ्याचा पत्ता काढल्याचा पुरावा मागावा. जीएसटीतला पत्ता बदलल्यावर पंधरा दिवसांत कळवणं दुकानदाराला बंधनकारकच आहे. जुन्या दुकानदाराची नोंदणी त्या पत्त्यावर तशीच राहिली, तर त्याच्या थकबाकीची पत्रं तुमच्या दारात येत राहतात आणि तुमच्या नव्या दुकानदाराचा अर्ज अडकतो.